कुडाच्या खेळघराची भिंत दर पावसाळ्यात खालून सुटते : कारण आणि दुरुस्ती

सिंधुदुर्गात आमच्या घराच्या मागल्या परड्यात मुलांचं एक खेळघर आहे. सहा फूट लांब, पाच फूट रुंद. माणगा बांबूच्या मेढी (खांब), चिवा बांबूच्या कामट्या विणून केलेला कूड, दोन्ही अंगांनी तांबड्या मातीचं लिंपण आणि वर जुन्या गोठ्यावरून उतरवलेली मंगलोरी कौलं. बांधलं तेव्हा लेक पाच वर्षांची होती, भाचा सात वर्षांचा. दोघांनी आठवडाभर पायांनी चिखल तुडवला होता, त्यामुळे त्या भिंतींवर त्यांचा जीव. आणि पहिल्याच आषाढात भिंत खालून सुटली.

पुढे ती दर वर्षी सुटत राहिली. दिवाळीच्या सुमारास आम्ही ती नीट करायचो, पुढच्या श्रावणापर्यंत ती त्याच जागी पुन्हा बसायची. तीन पावसाळे असे गेले. चौथ्या खेपेला कारण हाती लागलं, त्याप्रमाणे दुरुस्ती केली, आणि त्यावरून आता दोन पावसाळे गेलेत. बांबू आणि माती, गोणीतली माती, नुसत्या चिखलाचे गोळे अशा निरनिराळ्या रीतींनी मुलांसाठी छोटं घर बांधलेल्या ज्यांच्याशी मी बोलले, त्या बहुतेकांची तक्रार याच खालच्या हातभर पट्ट्याची होती. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते.

नेमकं काय होतं

मिरगाचे पहिले पंधरा दिवस भिंत तग धरते. जुलैच्या मध्यावर सलग चार-पाच दिवस पाऊस लागला की बाहेरच्या अंगाला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, आडवी खोबण दिसू लागते. तिथली माती धुपून पेंढ्याच्या काड्या आणि बारीक खडे उघडे पडतात. आठवड्याभरात खालचं लिंपण फुगतं, बोट लावलं तर लोण्यासारखं दबतं, आणि मग एखाद्या रात्री कामट्यांवरून घसरून खाली बसतं. वरची भिंत मात्र जशीच्या तशी. लेकीनं ओल्या मातीवर उठवलेले हाताचे ठसे अडीच फुटांवर आजही शाबूत आहेत.

उत्तर खरं तर त्या ठशांतच होतं. वरची आणि खालची माती एकाच खड्ड्यातली, एकाच दिवशी, त्याच हातांनी लिंपलेली. माती वाईट असती तर वरचीही गेली असती. पण हे मला सुचलं नाही. पहिल्या वर्षी मी मातीलाच दोष दिला आणि पेंढा व शेण वाढवलं. भिंत पुन्हा गेली. दुसऱ्या वर्षी खालच्या दोन फुटांवर कोंबड्यांची जाळी ठोकून सिमेंट-वाळूचा गिलावा केला. पहिला महिनाभर तो इतका छान दिसला की प्रश्न सुटला असं मी घरात जाहीर करून टाकलं. भाद्रपदात वाजवून पाहिलं तर आतून पोकळ. एका सकाळी जेवणाच्या ताटाएवढी खपली सुटून पडलेली दिसली, आणि ती पडली होती लेक रोज भातुकली मांडते त्या जागेवर. ते बघून मुलांना आत जायची बंदी केली.

शेजारच्या काकींचं बालपण कुडाच्या घरात गेलेलं. त्या येऊन खपलीकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आदी पाणी खंयसून येता ता बघ, मगे मातयेक दोष दी."

मग पावसात छत्री घेऊन अर्धा तास तिथे उभी राहिले. तीन वर्षांत हे एकदाही केलं नव्हतं. दिसलं ते असं : आमची वळचण, म्हणजे भिंतीबाहेर आलेली छपराची कड, जेमतेम वीतभर. पागोळ्या भिंतीपासून वीतभर अंतरावर चोपलेल्या जमिनीवर पडत होत्या आणि प्रत्येक थेंबाबरोबर तांबडे शिंतोडे भिंतीवर सव्वा फुटापर्यंत उडत होते. खोबण नेमकी त्याच पट्ट्यात होती. शिवाय खळ्याकडून येणारं पाणी उत्तरेच्या भिंतीला टेकून दोन बोटं साचत होतं, आणि आमची भिंत सुरू होत होती ती थेट जमिनीतून. मध्ये जोतं नाही, दगड नाही, काही नाही.

आपल्याकडच्या जुन्या कुडाच्या घरांत जोतं आणि वळचण दोन्ही सांभाळलेली असतात. सह्याद्रीच्या डोंगराळ भागात कारवीच्या काठ्यांचा कूड करून शेणमातीनं लिंपतात. त्या घरांची वळचण इतकी खाली आलेली असते की मोठ्या माणसाला वाकूनच आत जावं लागतं. मी खेळघर बांधताना भिंतीचं कसब तेवढं उचललं आणि भिंत ज्यांच्या जिवावर टिकते त्या दोन गोष्टी सोडून दिल्या.

आपल्या भिंतीचं कारण कसं ओळखायचं

सगळ्यांचं कारण आमच्यासारखंच असेल असं नाही. दुरुस्तीला हात घालण्याआधी भिंत नीट पाहा, शक्य तर पाऊस पडत असतानाच.

खोबण बाहेरच्या अंगालाच आहे, तिच्याभोवती चिखलाचे ठिपके आहेत आणि आतली बाजू कोरडी आहे, तर तो शिंतोड्यांचा मार. ठिपक्यांची सर्वांत वरची रेघ मोजून ठेवा. जोतं किती उंच हवं ते तीच सांगते.

आतल्या अंगालाही ओलीचा सलग पट्टा आहे, पाऊस उघडून आठवडा झाला तरी तो सुकत नाही आणि वरच्या कडेला पांढरा लोणा (खार) फुटलाय, तर पाणी जमिनीतून वर चढतंय. वळचण कितीही वाढवा, ही ओल जाणार नाही. भिंत जमिनीपासून तोडावीच लागेल, म्हणजे मध्ये दगडाचं जोतं घालावं लागेल. आमच्या उत्तरेच्या भिंतीला हे होतं, बाकीच्या तीन भिंतींना नव्हतं.

फक्त पश्चिम किंवा नैर्ऋत्येकडची भिंत वरपासून खालपर्यंत धुपतेय आणि बाकीच्या धड आहेत, तर तो वाऱ्याबरोबर येणारा तिरपा पाऊस. त्याला झड, म्हणजे माडाच्या विणलेल्या पानांचा (झापांचा) आडोसा लागतो, त्याबद्दल पुढे.

लिंपण पापुद्र्यासारखं सुटून पडतंय पण मागची माती कोरडी ठणठणीत आहे, तर पाण्याचा संबंधच नाही. दुसरा थर पहिल्यावर धरलेला नाही. एक तर पहिला थर न भिजवता त्यावर दुसरा चढवला, किंवा पहिला गुळगुळीत करून ठेवला. पहिला थर ओला असतानाच बोटांनी किंवा फुटक्या करवंटीच्या कडेनं खरवडून ठेवायचा असतो.

दाराच्या चौकटीलगत आणि मेढीच्या दोन्ही बाजूंनी उभ्या भेगा असतील तर बांबू हलतोय. ओला बांबू वापरला की तो सुकताना आकसतो आणि त्याचे बंध सैल होतात. त्यात मुलं दाराला लोंबकळतात, ती लोंबकळणारच. दाराची मेढ वेगळी आणि जाड घ्या, बिजागरी कुडाच्या कामटीवर कधीही ठोकू नका.

आणि भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर वाळवी. ओल थांबवल्याशिवाय वाळवीवर केलेला कुठलाही उपाय टिकत नाही, म्हणून तिचा नंबर पाण्यानंतर.

सिमेंट आणि ऑइलपेंट का नको

हा मोह फार मोठा असतो. दुकानात जो तो तेच सुचवतो, म्हणून यावर थोडं थांबते.

मातीची भिंत पाणी पिते आणि पुन्हा सोडते. पावसात भिजली तरी उघडीप मिळताच तिच्या अंगातली ओल हवेत निघून जाते, आणि तेवढ्यावर ती टिकते. सिमेंटचा थर कडक असतो, त्यातून ओल सहजी बाहेर पडत नाही. शिवाय मागची माती ऊन-पावसात किंचित फुगते-आकसते, बांबू हलतो, आणि सिमेंटला ते झेपत नाही. केसाएवढी चीर पडते. चिरेतून पाणी आत जातं, पण बाहेर यायला वाट उरत नाही. आमच्या सिमेंटच्या खपलीमागे मातीचा अक्षरशः लगदा झाला होता, आणि त्या उबदार ओलीत वाळवीनं कामट्या पोखरल्या होत्या. नुसत्या मातीचं लिंपण पडतं तेव्हा मऊ ढेकूळ पडतं. जाळीसकट सिमेंट पडलं तर मुलाच्या पायाचं हाड मोडू शकतं.

ऑइलपेंट, भिंतीवर डकवलेले जुने फ्लेक्स, प्लॅस्टिकचा कागद, बाहेरून फासलेलं डांबर, या सगळ्यांचं हेच. दिसायला पाणी थांबतं आणि आत कोंडतं. फ्लेक्स हाताशी असेल तर कौलांखाली किंवा झापांखाली अंथरा, तिथे तो उपयोगी आहे. भिंतीला लावू नका.

तुमच्या भिंतीवर सिमेंट आधीच असेल तर ते पूर्ण काढा. अर्धवट ठेवलं तर जिथे सिमेंट आणि माती भेटतात तिथेच पाणी शिरतं.

दुरुस्ती : भिंत जमिनीपासून तोडणं

दसऱ्यानंतर, उघडीप पक्की झाली की काम धरा. भर वैशाखात लिंपण करू नका. उन्हानं ते फार झपाट्यानं सुकतं आणि तडकतं. करावंच लागलं तर ओलं गोणपाट टांगून ठेवा.

एक गोष्ट आपल्या बाजूची असते : कुडाच्या घरात छपराचा भार मेढींवर असतो, कुडावर नसतो. म्हणून भिंतीचा खालचा भाग निर्धास्त कापता येतो. तरी आधी आढ्याला आणि दोन्ही वाशांच्या ओळींना टेकू लावून घ्या, कारण बऱ्याचदा मेढींचे जमिनीतले बुंधे कुजलेले निघतात. पेचकस जमिनीलगत जोरात टोचून पाहा. बोटभर आत गेला तर ती मेढ गेली समजा. आमच्या सहापैकी चार गेल्या होत्या, आणि बांधताना आम्ही त्यांच्या बुंध्यांना डांबर लावलं होतं. डांबर बाहेरून असतं. बांबूच्या कापलेल्या टोकातून आणि पेरातून पाणी आत शिरतंच.

कुजलेल्या मेढी जमिनीपासून दीड फुटावर कापल्या. त्या जागी खड्डा घेऊन काँक्रीटमध्ये दोन-दोन लोखंडी पट्ट्या उभ्या रोवल्या आणि मेढीचं टोक त्या पट्ट्यांच्या मध्ये घेऊन आरपार बोल्टनं आवळलं. आता तो बांबू जमिनीला टेकत नाही, आणि वादळवाऱ्यात छप्पर उचललं जाऊ नये म्हणून खालून बांधलेलाही राहतो. माणगा जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे बोल्ट चांगला धरतो. पोकळ बांबू असेल तर बोल्ट जिथून जातो त्या पेरात सिमेंट-वाळू भरून घ्या, नाहीतर आवळताना तो चिरतो. बोल्टची वाढलेली टोकं कापून घासून घ्या. ती बरोबर मुलांच्या गुडघ्याच्या उंचीवर येतात.

मग कूड खालून दीड फूट सरळ रेषेत कापून काढला आणि त्याखाली जांभ्याच्या चिऱ्यांचे दोन थर घातले. चिरे जुन्या गडग्याचे, फुकटचे. चिऱ्यांमधल्या फटी सिमेंटनं भरल्या. दगडात ते चालतं. चिरा नसेल तिथे काळा दगड, जुन्या विटा, किंवा खडी भरलेल्या गोण्यांचे दोन थर चालतील. गोण्यांवर मात्र लगेच गिलावा करा, कारण खताच्या-धान्याच्या प्लॅस्टिक गोण्या उन्हात काही महिन्यांतच कुसकरतात. टायर वापरणाऱ्यांनी ते खडीनं गच्च भरून खालून भोकं पाडावीत. टायरमध्ये साचलेलं पाणी म्हणजे डेंगीच्या डासांना घर.

जोत्याची बाहेरची कड भिंतीच्या बाहेर येता कामा नये. आली तर तिच्यावर पाणी थबकतं आणि पुन्हा भिंतीत मुरतं. जोतं भिंतीच्या अर्धा इंच आतच ठेवा. जोत्यावर, कुडाखाली, आम्ही शेततळ्याच्या जाड प्लॅस्टिक कागदाची पट्टी घातली. जमिनीतली ओल चिऱ्यातून चढली तरी तिथे अडते.

आणखी एक, कोकणात हे टाळता येत नाही. सुक्या रचलेल्या दगडांच्या फटींत फुरसं आणि विंचू राहतात. मुलांच्या घराचं जोतं मोकळं रचू नका, फटी आतून-बाहेरून बुजवा. आत फळ्यांचे तुकडे, करवंट्यांचे ढीग साठू देऊ नका. पावसाळ्यात मुलांना आत सोडण्याआधी काठीनं कोपरे बघून घ्यायची सवय आम्ही ठेवली आहे.

यानंतर वळचण. वाशांना खालून नवे तुकडे जोडून ती वीतभरावरून दोन फुटांवर नेली. एवढी वळचण मुलांच्या घराला विचित्र दिसते हे खरं, पण तिच्याखाली दोन्ही बाजूंना इवलीशी पडवी तयार झाली, आणि मुलं आता आतल्यापेक्षा तिथेच जास्त बसतात. वाशांची टोकं गोल घासून त्यांवर काथ्याचं सुंभ गुंडाळलं, कारण ती धावत येणाऱ्या सात-आठ वर्षांच्या पोराच्या कपाळाच्या उंचीवर येतात.

पागोळ्या जिथे पडतात त्या रेषेत वीतभर रुंद, वीतभर खोल चर खणून खडीनं भरला. खडीवर पडलेला थेंब शिंतोडा उडवत नाही, आत जातो. चराला उतार देऊन पाणी माडाच्या आळ्यात सोडलं. उत्तरेकडे खळ्याचं पाणी अडवायला मातीचा छोटा बांध घातला. सगळ्या दुरुस्तीत सर्वांत कमी श्रम या चराला लागले, अर्धा दिवस. एखाद्याला या वर्षी जोतं घालणं जमणारच नसेल तर त्यानं निदान वळचण आणि चर एवढं करावं. धूप बरीच थांबते. मात्र जमिनीतून चढणारी ओल त्यानं जात नाही.

मातीचं मिश्रण

पाण्याची वाट लावून झाल्यावरच मातीकडे वळा. इथे प्रमाण विचारू नका, कारण एका गावचं प्रमाण दुसऱ्या गावी चालत नाही. कोकणातली जांभ्याची तांबडी माती सुकताना फारशी आकसत नाही. देशावरची, विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती भिजली की फुगते आणि सुकली की हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिचं लिंपण करू नका. तिकडच्या गढ्या आणि घरं पांढऱ्या मातीची असत. शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणायची रीतच आहे. काळ्या जमिनीवर खेळघर उभं करायचं असेल तर जोत्याखालची काळी माती दीड-दोन फूट काढून मुरूम भरा, नाहीतर जमीनच भिंत वर-खाली करत राहील.

माती तपासायला काचेची बरणी घ्या. एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, आणि खूप हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळ काही तासांत, चिकण दुसऱ्या दिवशीपर्यंत. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. पण खरा निकाल भिंतीवरच लागतो. एकेक फुटाचे चार चौकोन लिंपा : नुसती माती, मातीइतकीच वाळू, दुप्पट वाळू, तिप्पट वाळू. सगळ्यांत बोटभर कापलेला पेंढा सारखाच. चार-पाच दिवसांनी बघा. भेगाळलेल्यात चिकण जास्त आहे. तळहात घासला की भुगा येतो त्यात वाळू जास्त आहे. दोन्ही होत नाही तो चौकोन तुमचा. आमच्याकडे समसमान वाळूचा चौकोन चांगला ठरला.

माती चाळून, पेंढा घालून, भिजवून आठवडाभर मुरू द्या. वास येतो, पण मुरलेली माती हाताला वेगळीच लागते, चिकट आणि लवचीक. कूड पाण्यानं भिजवून घ्या आणि पहिला थर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, दोघांनी समोरासमोर उभं राहून दाबा, म्हणजे कामट्यांच्या फटींतून माती एकमेकींना धरते. नव्या लिंपणाचा आणि जुन्या भिंतीचा सांधा सरळ ठेवू नका. जुनी कड तिरकी, ओबडधोबड खरवडून आणि भिजवून मग जोडा. पहिला थर पूर्ण सुकून तडकू द्या, तडे दुसऱ्यानं भरतात. शेवटी बारीक चाळलेली माती आणि शेणाचं सारवण.

चुना चांगला, यात शंका नाही. आम्ही सारवणाऐवजी पश्चिमेच्या भिंतीवर चुन्याचे पातळ हात दिले आहेत, एकावर एक चार. पण कळीचा चुना विरवताना तो उकळतो, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. विरवलेला चुनाही हात भाजतो. त्या दिवशी मुलांना आजोळी पाठवा. चिखलात त्यांना हवं तेवढं खेळू द्या, चुन्यापाशी नाही.

बांबूचं पीठ पडत असेल तर

भिंतीइतकीच नेमानं येणारी दुसरी तक्रार ही. कामट्यांखाली, वाशांखाली पिवळसर पिठाचे छोटे ढीग, आणि बांबूला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. हा घूण. त्याला बांबूतलं पिष्ट हवं असतं. कोवळा बांबू, किंवा चुकीच्या दिवसांत तोडलेला, की घूण लागलाच म्हणायचं. तीन वर्षांच्या पुढचा बांबू, पाऊस संपल्यावर हिवाळ्यात तोडा. तोडल्यावर व्हाळाच्या वाहत्या पाण्यात तीन-चार आठवडे बुडवून ठेवायची जुनी पद्धत अजूनही उत्तम आहे. पिष्ट पाण्यात निघून जातं. मग सावलीत उभा करून सुकवा.

वाहतं पाणी नसेल तर टाकणखार. १०० लिटर पाण्यात ३ किलो टाकणखार आणि २ किलो बोरिक ॲसिड. जमिनीत लांबट खड्डा घेऊन त्यात शेततळ्याचा कागद अंथरला की हौद झाला. बांबू तोडल्यावर लगेच, ओला असतानाच बुडवायचा, कारण सुकलेल्यात औषध नीट शिरत नाही. पोकळ बांबूच्या पेरांना आतून सळईनं भोक पाडून घ्या. अख्खे बांबू दोन आठवडे, कामट्या त्याहून कमी. हातमोजे घाला, हौद झाकून ठेवा, मुलं आणि गुरं त्याच्याकडे फिरकू देऊ नका, आणि उरलेलं पाणी विहिरीजवळ किंवा झाडांच्या मुळाशी ओतू नका. हे औषध पाण्यात विरघळणारं असल्यामुळे पावसात उघडा पडलेला बांबू ते गमावून बसतो. वळचणीचं महत्त्व इथेही आहे.

लागलेला घूण सहजी जात नाही. पोखरलेला वासा बदला. यावर जळकं ऑइल फासायची पद्धत गावोगाव दिसते. शेतातल्या कुंपणाला कुणी काय लावावं ते त्यानं ठरवावं, पण मुलं ज्या खांबांना मिठ्या मारतात त्यांना ते लावू नका. इंजिनातून निघालेल्या तेलात जड धातू आणि कर्करोगाला कारण होणारी रसायनं असतात, आणि ते महिनोन् महिने हाताला लागत राहतं.

जुना माल उचलताना

जुनं वापरणं मला मनापासून आवडतं; आमची कौलं, चिरे, दाराची फळी सगळं जुनंच आहे. पण दोन वस्तूंना हात लावू नका. गोठ्यांवरचे जुने राखाडी सिमेंटचे पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. कापले किंवा फुटले की त्यांचे तंतू हवेत जातात आणि फुप्फुसात राहतात. दुसरं, मालाखाली येणाऱ्या लाकडी पॅलेटच्या फळ्या, शिक्का न बघता. परदेशातून आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो. त्यात 'एचटी' अशी इंग्रजी अक्षरं असतील तर लाकूड फक्त तापवलेलं आहे, ते घ्या. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते घेऊ नका.

पावसाळ्याआधी आणि पहिल्या पावसात

मिरगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या झापांची झड बांधतो. झाप भिंतीला चिकटवायचे नाहीत, चार बोटं अंतर ठेवायचं, म्हणजे मागून वारा खेळतो. चरातली खडी उचलून गाळ काढतो. कौलं सरकली असतील तर बसवतो. माकडं हे काम दर वर्षी देतातच. आणि दसऱ्याच्या आधी झड काढून भिंतींना सारवण. सारवायचं काम लेक आणि भाचा करतात, आम्ही शेण कालवून देतो.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा छत्री घेऊन उभे राहा आणि बघा. शिंतोड्यांची रेघ जोत्याच्या आत राहते का? पाणी कुठे थबकतं? दुसऱ्या दिवशी आतून तळहात लावून खालचा पट्टा आणि वरचा पट्टा यांच्या थंडाव्यात फरक लागतो का? फरक लागला तर ओल अजून चढतेय.

आमच्याकडे गेल्या सप्टेंबरात ओलीची रेघ चिऱ्याच्या दुसऱ्या थराच्या मध्यावर होती. कूड कोरडा होता. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात मात्र तळहाताएवढा तुकडा अजून भिजतो. तिथे यंदा झाप एकमेकांवर हातभर चढवून बांधणार आहे.